चौथ्या रकान्याविषयी ताईस

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या आणि (तुझ्याच शब्दांत) शिष्ट भावाचा नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींचा रक्तदाब आणि भावोजींचा संताप ही तिन्ही आटोक्यात असावीत अशी आशा करतो. तिसऱ्याविषयी जरा जास्तच करतो. शिक्षणासाठी माझ्याकडे ठेवलेले तुझे लेकरू सुखरूप आहे. (‘लेकरू’च्या आधीचा एक शब्द खोडला आहे, रीतसर, एका रेघेत, शेजारी छोटी सही करून. माझ्या पत्रात खाडाखोड! कारण शेवटी.)

शाळेचे प्रवेश रजिस्टर सव्वीस वर्षे माझ्या हाती आहे आणि त्यात एक डाग नाही, हे ऐकून ऐकून तुझे कान किटले असतील. माझ्या आधीच्या हेडक्लार्कने तीन मुलांना जन्मण्यापूर्वीच शाळेत घातले होते. असे पुन्हा घडू नये म्हणून मी एक पद्धत घातली: नववीतल्या प्रत्येकाला टेबलाशी बोलवायचे, त्याची नोंद मोठ्याने वाचून दाखवायची, ‘बरोबर आहे का?’ असे विचारायचे आणि उत्तर लेखी घ्यायचे. (मुख्याध्यापिकाबाई याला ‘साहेबांचं खूळ’ म्हणतात. मी त्यांच्या परिपत्रकांना काय म्हणतो, ते येथे लिहीत नाही.) सव्वीस वर्षे सगळी मुले खिडकीबाहेर बघत ‘हो’ म्हणाली. पाच आठवड्यांपूर्वी एक मूल ‘नाही’ म्हणाले.

“कोणता रकाना?”

“चौथा.”

चौथा रकाना म्हणजे मुलगा की मुलगी. दुसरा कोणी शहाणा माणूस ‘बरं, जा वर्गात’ म्हणून चहाला उठला असता. मी पेन उचलले आणि शेऱ्यात लिहिले: ‘चौथ्या रकान्यातील नोंद आपल्या बाबतीत बरोबर नाही, असे विद्यार्थ्याचे म्हणणे.’ तारीख, माझी सही, त्याची सही. शाई न पुसणारी, अक्षर चौकटीत लावावे असे. मूल त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “छान लिहिलंय.” मी सुखावलो. त्याचा आवाज कापत होता, हे मला फार उशिरा आठवले.

त्यानंतर तो नवा कायदा आला. शाळेच्या कागदोपत्री विद्यार्थ्याविषयी जन्मदाखल्याहून वेगळे काही लिहिलेले असेल, तर ते दहा दिवसांत पालकांना लेखी कळवायचे. जो कर्मचारी दडवील त्याची नोकरी जाईल. तोंडी बोलणे या कायद्यात कोठेच येत नाही. साऱ्या शाळेत ते लिहून ठेवणारा गाढव मी एकटाच. इकडे आड, तिकडे विहीर. आणि दोन्हींचे काठ मीच घासूनपुसून गुळगुळीत केलेले.

ताई, मी भित्रा नाही. पण परवा जिन्यात बूट वाजले आणि तपासनीस आला असे समजून मी रजिस्टरावर अक्षरशः पालथा पडलो. पाण्याची टाकी बघायला आलेला प्लंबर होता. मग ठरवले, त्या पानालाच अपघात घडवायचा. उजव्या हाताने दौत कलंडवली, तर डावा हात आधीच टिपकागद घेऊन हजर! शिपायाला पानावर चहा सांडायला सांगितले. तो दोन पावले मागे सरला. “साहेब, याच रजिस्टराजवळ कप ठेवला म्हणून तुम्ही मला दोनदा मेमो दिलाय. तिसरा नको.” शेवटी रजिस्टर वाळवी लागलेल्या कपाटात ठेवले आणि अर्ध्या तासाने मीच जाऊन शेजारी डांबराच्या गोळ्या ठेवून आलो. 

ते मूल रोज मधल्या सुट्टीत माझ्या दारात उभे राहते.

“पत्र गेलं?”

“नाही.”

“घरी टपाल बाबा उघडतात.”

“माहीत आहे,” मी म्हणतो. मग दोघेही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो. त्याचा डबा तसाच परत जातो, हल्ली माझाही.

कायदा लागू होऊन आज दहावा दिवस. सकाळी पत्र टपालात टाकले. पेटीच्या तोंडाशी माझी बोटे पाकीट सोडीनात, मागच्या बाईंनी “टाका की हो!” म्हटले, तेव्हा सुटले. 

भावोजींना नमस्कार (आज सांगू नकोस).

तुझा,
भाऊ

ता. क. : ते खाकी पाकीट परवा तुमच्या दारात येईल. ते मूल तुझे आहे, ताई. कायद्यात नुसते ‘पालक’ असे आहे. मी चारदा वाचले आणि पाकिटावर भावोजींचे नव्हे, तुझे नाव घातले. पोस्टमन आला की दाराशी तू जा. त्यांना कधी आणि कसे सांगायचे, ते तू ठरव.

आणखी ता. क. : खोडलेला शब्द ‘चिरंजीव’ होता. त्या जागी कोणता हवा, ते मला सांगून झाले आहे. तुला स्वतःच सांगायचे, असा हट्ट आहे.

शेवटचा ता. क. : कालचे तीन मुके फोन माझेच. तुझे ‘हॅलो’ ऐकले की वाचा बसते, म्हणून हे पत्र दुपारच्या बसच्या कंडक्टरकडे देतो आहे. संध्याकाळी फोन कर. आम्ही दोघे सहापासून फोनपाशी बसलेले असू आणि आधी तोंड उघडण्याची छाती दोघांपैकी एकालाही होणार नाही. तेव्हा पहिले वाक्य तू बोल. अशुद्ध असले तरी चालेल.