मिस साहेबांचं गाव

प्रिय पप्पा,

दयाचा तुम्हाला आणि मम्मीला मनापासून सलाम.

मी मजेत आहे. इंग्लंडची थंडी आहेच, पण मम्मीची शाल अंगावर असते. भाकरी आता गोल येते, तिला सांगा.

शनिवारी मी काम करते त्या वृद्धाश्रमातल्या मार्गारेट आजींना घेऊन इथल्या चर्चच्या हॉलमध्ये गेले होते. तिथे म्हातारी माणसं जमून गावाच्या जुन्या आठवणी सांगतात. लोहाराचं दुकान कुठे होतं, गिरणी कधी बंद पडली, असं. आजींनी त्यांच्या आत्याची पत्रं वाचून दाखवली. आत्या हिंदुस्थानात शाळा चालवायला गेली आणि तिकडेच वारली. पत्रावर पत्ता होता आपल्या देवळाली प्रवराचा!

पप्पा, या आपल्या मिस साहेब! दर ईस्टरला तुम्ही ज्यांच्या कबरीला चुना लावता, त्याच. मी उठून सगळ्यांना सांगितलं की माझे वडील म्हणतात, "मिस साहेबांचं इथं कोन हाय? आपनच." आजींनी कितीतरी वेळ माझा हात सोडला नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. बावीस वर्षांच्या त्या पत्रांत प्रत्येकाची शेवटची ओळ एकच होती: पुढच्या वर्षी नक्की येते.

मीही तीन वर्षं तुम्हाला हेच लिहितेय.

तुमची कंबर कशी आहे? खरं सांगा, मी मम्मीला विचारणारच आहे. यंदा चुना एकट्याने लावू नका. तिकिटाची झेरॉक्स सोबत आहे. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी पोचते. बादली मी धरीन.

तुमचीच,
दया