आखाजीची वाट पाहू नकोस

प्रिय चंचल,

फोन असताना पत्र कसलं लिहिते ही, म्हणून हसशील. हस. शेजारच्या उषाबाई भाचीच्या लग्नाला तुमच्या शहाद्याला निघाल्या आहेत, त्यांच्या हाती देते आहे. एकटी असशील तेव्हाच वाच.

मी पांडेसऱ्यातल्या एका दवाखान्यात पडून आहे. घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण मीच इतकी घाबरले आहे की खोटं लिहवत नाही. वर्षभर ओटीपोटात दुखायचं, अंगावरून जायचं, त्याला वास यायचा. मला वाटायचं, दिवसभर मांडी घालून साड्यांना खडे चिकटवते, कंबर धरणारच. अंगावरून जातं ते उष्णतेनं, म्हणून सब्जा पीत राहिले. मग एका दुपारी अशी हुडहुडी भरली की हातातली साडी टाकून फरशीवरच आडवी झाले. आमच्या ह्यांनी उचलून रिक्षात घातलं.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तांबी बसवली होती का? म्हटलं, हो, स्नेहा झाली तेव्हा. स्नेहा केवढी? बारावीला. त्यांनी हातातलं काम थांबवलं. ‘बेन, इतने साल?’ म्हणाल्या. तांबी दहा वर्षांची असते म्हणे, आणि त्रास झाला तर त्याआधीच दाखवायचं असतं. गर्भपिशवीशेजारी पू साठला आहे.

आठवतं ना, आपण दोघी बाळंतपणाला माहेरी आलो होतो आणि सासरी कळू न देता पाळणा लांबवायला एकाच सकाळी गावच्या दवाखान्यात तांबी बसवून घेतली? केवढा पराक्रम वाटला होता! कुसुम सिस्टर म्हणाल्या, आखाजीला याल तेव्हा दाखवून जा. आपण ते असं धरून बसलो, की जिथं बसवली तिथंच आणि आखाजीलाच दाखवायची. आणि आपण यायचो तेव्हा सणाची सुट्टी, दवाखान्याला कुलूप. मग झोके, गाणी, पुरणपोळी, की लगेच सासरचं बोलावणं. दरवर्षी म्हणायचो, पुढच्या आखाजीला. पुढे सिस्टरची बदली झाली आणि आपल्याला त्या तांबीची आठवणही राहिली नाही.

माझी आता काढली. सलाईनमधून औषध चालू आहे. पू आटला नाही तर पोट उघडावं लागेल, कदाचित पिशवीही काढतील. मला फार भीती वाटते गं. स्नेहा उशाशी पुस्तक घेऊन बसते, मध्येच माझ्या कपाळाला हात लावते. तिचा हात गार लागला की मला कळतं, ताप परत आला.

आता पत्र का, ते ऐक. तुझा फोन सासूबाई स्पीकरवर ठेवायला लावतात, आणि तुझी तांबी त्यांना ठाऊक नाही. गेल्या आखाजीला झोक्यावर बसताना तू ओटीपोट दाबून धरलंस. मी विचारलं तर म्हणालीस, ‘काही नही व, उष्णता शे.’ सब्जा पी, असं मीच तुला सांगितलं. चंचल, तुझी अजून आतच आहे. दाढ दुखते म्हण, काहीही म्हण, पण बाईडॉक्टरकडे जा. उषाबाईंना सगळं सांगितलं आहे, त्या तुझ्यासोबत येतील. आखाजीपर्यंत थांबू नकोस. माहेरी झोका बांधायला आपल्यापैकी एक तरी हवी, आणि मला माझा भरवसा वाटत नाही.

तुझीच,
छाया