ताई, तुझी कचरापेटी मी रिकामी केली

मंगळवार, १४ ऑक्टोबर. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. कळंबोलीचे गोदाम, तुझीच खुर्ची.

प्रिय ताई,

आत्ता पडद्यावर एक चौकट आली आहे : 'जागा वाचवण्यासाठी फोल्डर कॉम्पॅक्ट करायचे का?' माउसला हात लावायची भीती वाटते आहे. म्हणून तुला लिहितोय, कागदावर.

तू डेंगीने गेलीस आणि शेठने मला तुझ्या जागी बसवलं. पहिल्याच आठवड्यात मेलची जागा भरत आल्याची सूचना आली. मी शहाणपणा करून तुझी कचरापेटी रिकामी केली. आलेले, पाठवलेले, सगळे मेल तू त्यातच का टाकायचीस गं? "संध्याकाळी इनबॉक्स कोरा दिसला पाहिजे. कचऱ्यात कोण हात घालतंय?" म्हणायचीस. मी घातला ना!

मागच्या सोमवारी क्रेनची तार तुटली. दगडूकाका हमालांचा पाय गेला. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "तार झिजली होती, हे तिने मला कळवलंच नाही." गेलेलं माणूस उलट काय बोलणार?

पण जेवताना तूच चिडून सांगितलं होतंस, "तार बदला म्हणून मेल केला, तर उत्तर काय? अजून चार महिने चालवा!" मी तेव्हा ताटातून मानही वर केली नाही.

काल कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या अन्वरभाईंना गाठलं. म्हणाले, "डिलीट केलेला मेल इनबॉक्सच्या फाइलमध्ये पडून असतो, फक्त दिसत नाही. कॉम्पॅक्ट केलंस की खल्लास! केलं नाहीस ना, शाण्या?"

ताई, ही चौकट रोज येते. मी कधी 'हो' दाबलं का? देवाशपथ आठवत नाही!

...आत्ता 'नाही' दाबलं. ती फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, उघडली, 'क्रेन' शब्द शोधला. पाचव्या ठिकाणी तो मेल सापडला. खाली तुझं नाव, वर शेठचं उत्तर : अजून चार महिने चालवा.

तेवढ्यात शेठ मागे उभे. "काय रे, काय शोधतोस?"

"जुनी बिलं, शेठ." तोंडातून तेच निघालं. रागावू नकोस.

दुपारच्या सुट्टीत दवाखान्यात जाऊन हा पेन ड्राइव्ह दगडूकाकांच्या समोर त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या हातात देणार आहे. नोकरी जाईल. घरी काय सांगू, तेही ठरलेलं नाही. पण जाणार, आणि शेठने पुन्हा विचारलं तर खोटं बोलणार नाही. सांगेन, तिने कळवलं होतं. लेखी कळवलं होतं.

तुझा घाबरट भाऊ,
संदीप