शेव्हेलची दोन पेडलं

मी, रँडल डेल क्लेव्हेंजर, वय सत्तावीस, मुक्काम आजपुरता मन्सी, इंडियाना, हे मृत्युपत्र आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते नाही असं म्हणणारे गावात आहेत, पण त्यांचं म्हणणं एका गाडीपुरतं आहे आणि त्याचा खुलासा कलम ४ मध्ये येईल. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे जुनं रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

करण्याचं कारण असं की मी अलास्कात खेकड्यांच्या बोटीवर कामाला चाललोय. कप्तानाने फोनवर विचारलं, "बायको आहे?" म्हटलं नाही. "पोरं?" तीही नाहीत. "मग तुझ्यामागे भांडणार कोण?" मी म्हटलं, "काका." तो म्हणाला, "मग कागद करूनच ये."

कलम १. घर, जमीन: नाही. दोन माणसांचा म्हणून विकत घेतलेला एक तंबू आहे. त्यात दोन माणसं मावत नाहीत, हे मी मोंटानात एका मुलीबरोबर पडताळून पाहिलं आहे. ती पुढे दातांची डॉक्टर झाली म्हणतात. हे इथे लिहायचं काही कारण नव्हतं. तंबू ज्याला हवा त्याने न्यावा.

कलम २. बँकेत जे काही असेल त्यातून मला जाळण्याचा खर्च करावा, सापडलो तर. न सापडल्यास आईने मागच्या दाराचं छप्पर शाकारून घ्यावं.

कलम ३. पाने, सॉकेट, हातोड्या गाडीजवळच राहाव्यात. गिअरबॉक्स उचलायचा जॅक माझा नाही. तो शेजारच्या ओपल ट्रिंबल बाईंच्या नवऱ्याचा आहे, तो परत द्यावा. त्याने दोनदा मागितला आहे.

कलम ४. गाडी. १९६९ची शेव्हेल, हिरवी. ती बाबांनी माझ्या नावावर ठेवली, ती मी माझी आई आर्डिस हिला देत आहे.

आता खुलासा. या गाडीत मुळात चार गिअरचा, हाताने टाकायचा गिअरबॉक्स होता. तो आमच्याच गावात बनायचा आणि देशभर त्याला गावाच्याच नावाने ओळखतात. कुठल्याही पेट्रोलपंपावर म्हातारे बॉनेटवर हात ठेवून विचारतात, "आत मन्सी आहे ना?" त्या मन्सीतच मन्सी काढून मी ऑटोमॅटिक बसवला. सुट्या भागांच्या दुकानातला माणूस म्हणाला, "काय रे, पाय दुखतो का तुझा?" मी म्हटलं, "माझा नाही, आईचा." मग त्याने मान खाली घालून बिल केलं.

अर्धांगाच्या झटक्यानंतर आईचा डावा पाय ऐकत नाही. क्लच दाबायला ती दोन्ही हातांनी गुडघा खाली ढकलायची, मग स्टिअरिंग धरायला हात उरायचा नाही. शेवटी गॅरेजमध्येच बसून रेडिओ ऐकायची. बाबांपेक्षा ती ही गाडी जोरात चालवायची. मक्याच्या शेतांमधल्या सरळ रस्त्यावर बाबा डोळे मिटून घ्यायचे, हे मी मागच्या सीटवरून पाहिलेलं आहे.

क्लचचं पेडल काढलं, तिनाची दोन पेडलं राहिली, ब्रेकचं रुंद बसवलं, गिअरबॉक्स पेलणारी खालची आडवी पट्टी मागे सरकवली, तेल थंड करायच्या नळ्या रेडिएटरपर्यंत नेल्या. इथवर ठीक. इंजिन आणि ऑटोमॅटिक यांच्यामध्ये तेलाचा एक डबा बसतो, चांगल्या भोपळ्याएवढा. तो फिरवत फिरवत आत ढकलायचा असतो. ठक, ठक, ठक असा तीनदा आत गेला तरच बसला. माझा दोनदाच गेला. इंजिन आणि ऑटोमॅटिकमध्ये फट राहिली. मला वाटलं, बोल्ट आवळले की येईल ओढत. आवळले, आणि आतला पंप फुटला.

हे चाललेलं असताना माझे काका, व्हर्नन क्लेव्हेंजर, अंगणात खुर्ची टाकून बिअर पीत बघत होते. काकांचं सगळं आयुष्य त्या गिअरबॉक्सच्या कारखान्यात गेलं. त्यांना फट दिसत असणार. ते बोलले नाहीत. मृत्युपत्रात राग नोंदवता येतो की नाही माहीत नाही, पण नोंदवतो.

मी अँडरसनच्या भंगारातून दुसरा ऑटोमॅटिक आणला. तो तीनदा ठक झाला. आई आता दर शनिवारी गाडी काढते.

अट: आई असेपर्यंत या गाडीत क्लच परत बसवायचा नाही.

इथवर लिहिलं आणि खुद्द काका दारात. कुणीतरी सांगितलं असणार. न विचारता कागद ओढला, वाचला.

"तुझा बाबा मरताना तुला काय म्हणाला होता?"

"गाडी आहे तशी राहू दे."

"मग?"

"तेव्हा गाडी आई चालवत होती, काका."

"शब्दांचे खेळ करू नकोस. त्या गिअरबॉक्सवर गाडीचाच नंबर ठोकलाय. मूळ जोडीच्या तसल्या गाड्या किती उरल्यात माहितीये? तू बुडालास तर मी ती होती तशी करणार. आर्डिस, तुला एखादी छोटी गाडी बघतो. चालेल ना?"

आईने गॅस बंद केला आणि ओटा पुसायला घेतला. घोळ इथेच आहे. बाबा गेल्यापासून तिच्या दारातलं बर्फ काका काढतात, आणि ती त्यांना कशालाच नाही म्हणत नाही. मी नसलो की ती मान हलवेल आणि परत गॅरेजमध्ये रेडिओ ऐकत बसेल. हा कागद आहे तो एवढ्यासाठीच.

मी विचारलं, "तुम्हाला फट दिसली होती?"

"दिसली होती."

"मग?"

"म्हटलं, फुटेल. वैतागशील, बॅग उचलून चालता होशील. नेहमी जातोस तसा. मग मी बसून नीट जोडेन." मग म्हणाले, "तू गेला नाहीस."

"नाही."

"मला काय ठेवलंयस?"

"कलम पाच."

"चारच दिसतायत."

"लिहू तर द्या!"

कलम ५. गॅरेजमध्ये घोंगडीखाली ठेवलेला मूळ गिअरबॉक्स काका व्हर्नन यांना. त्या वर्षी जोडणीवर तेच होते, आणि हा आपणच जोडला असं ते सांगतात. बाबा त्यावरून त्यांची चेष्टा करायचे. मी करत नाही.

साक्षीदारांसाठी ओपलबाईंना बोलावलं. त्यांची नोकरी कोर्टाच्या कचेरीत झाली. त्यांचे यजमान दुसरे साक्षीदार ठरले होते, ते गळ घेऊन तलावावर गेलेले आणि फोन घरीच. माझी बस थोड्याच वेळात.

आई म्हणाली, "मी करते सही."

"तुला चालणार नाही, आर्डिस," ओपलबाई म्हणाल्या. "ज्याला कागदातून काही मिळतं त्याची साक्ष कामाची नाही. म्हणजे कागद टिकतो, पण त्याचं मिळणं जातं. तू केलीस तर तुझी गाडी जाईल. व्हर्नन, तू केलीस तर तुझा तो गिअरबॉक्स."

काका उठून गॅरेजमध्ये गेले. मला वाटलं, गेले घरी. आई खिडकीतून बघत राहिली. परत आले तेव्हा हाताला गिअरबॉक्सचं काळं लागलेलं होतं. बेसिनपाशी साबणाने नीट धुतलं, आईच्या चांगल्या टॉवेलला पुसलं.

"पेन कुठाय?"

"काका, मी वाटेत दुसरा कोणीतरी—"

"पेन दे रे. बस चुकवशील."

कलम ५ मी खोडलेलं नाही. ओपलबाई म्हणतात, खोडायची गरज नाही, ते आपोआप गेलं.

वरील सर्व मी वाचलं, ते माझंच म्हणणं आहे, आणि दोघांच्या समोर सही करत आहे.

रँडल डेल क्लेव्हेंजर

स्थळ: मन्सी, इंडियाना
दिनांक: २६ सप्टेंबर २००८

साक्षीदार:

१. ओपल ट्रिंबल, शेजारी. मुलगा शुद्धीत आहे. जॅक मिळाला.

२. व्हर्नन क्लेव्हेंजर, काका. सगळं वाचलं. मला यातलं काही मिळणार नाही हे समजून सही केली. पेडलं दोनच राहतील.