पैठणीचं अस्तर

सासूबाई,

तुम्हाला आई म्हणायची घरची रीत होती, म्हणून तुम्ही जाईपर्यंत म्हटलं. आज म्हणवत नाही. परवा मी टीव्हीवर आले, आणि काय घालून आले ते दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगते.

तुमची नात, माझी लेक, इथे कॅनडात, रिचमंड हिलला जॅकेटं डिझाइन करते. शिवते मी, बेसमेंटमध्ये, सकाळची पूजा आटोपली की. फॅशनच्या कार्यक्रमात आम्हा दोघींना बोलावलं, तेव्हा तिथल्या मुलीने फोनवर बजावलं, पांढरं नको, बांगड्या माइकमध्ये वाजतात, आणि कपड्यामागे काही गोष्ट असली तर बरं. गोष्ट म्हटल्याबरोबर लेक म्हणाली, "आई, आजीची पैठणी नेस ना! ग्रँडमदर्स सारी, दे विल लव्ह इट. सांग, सगळं तिच्याकडून शिकले म्हणून." तिचा धंदा नवा, तिला ती गोष्ट हवीच होती. मी म्हटलं, "बघू."

तुमच्याकडून काय शिकले ते आठवायला मला कपाट उघडावं लागत नाही. हिच्याच वेळचं माझं डोहाळजेवण. स्वयंपाकघरात बायका दाटीने बसल्या आहेत, आणि एसटीने आलेली माझी आई विहीणबाईंची ओटी भरायला उभी आहे. तांदूळ, नारळ, जांभळा खण. तुम्ही खणाची घडी मोडता, उजेडाकडे धरता, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "हा फिरता दिसतो हो विहीणबाई. बऱ्याच ओट्या हिंडून आलाय. राहू दे, तुम्हालाच पुढे उपयोगी पडेल." आणि तो तिच्याच पदरात परत. बायका फिदीफिदी हसल्या. या घरून त्या घरी नुसता फिरणारा, कधी कात्री न लागलेला खण कसा असतो, हे तिला माहीत नव्हतं? तो तिने मुद्दाम नवा घेतला होता, सकाळी मला दाखवलाही होता. चुरगळला होता तो गाडीच्या गर्दीत. आई जेवायला थांबली नाही. "तू जेव गं, दोन जिवांची आहेस," म्हणाली आणि खण माझ्या हातात कोंबून निघाली.

तो माझ्या ट्रंकेतून कॅनडापर्यंत आला. या कार्यक्रमासाठी त्याला कात्री लावली. एका खणात जॅकेट होत नाही, म्हणून पाठ आणि छाती त्याची, बाह्या इथल्या हळदीकुंकवांत मिळालेल्या खणांच्या. ते मात्र खरेच फिरते, त्यातला एक तर मीच दिलेला फिरून मलाच आला होता! राहिलं अस्तर. खण अंगाला खरखरतो, आत मऊ काहीतरी हवं. तुमची पैठणी विरली म्हणून जाऊबाईंनी माझ्याकडे पाठवली होती. मला वाया गेलेलं खपत नाही. देवाला नमस्कार केला आणि उभी कापली.

लेक किंचाळली, "आई! यू कट इट?"

"नेसायलाच सांगत होतीस ना? नेसतेय की. आतून."

तिला हसू आलं नाही. स्टुडिओच्या दारात एवढंच म्हणाली, "प्लीज, निदान आजीचं नाव तरी घे."

कॅमेऱ्यापुढे त्या बाईने विचारलंच, कापड कुणाचं? मी माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीत म्हटलं, "माय मदर्स. ब्रँड न्यू." मग तिने जॅकेटची कड उलटली. आतला जरीकाठ चमकला, मोर दिसले. "ओ माय गॉड, अँड धिस?" लेक माझ्याकडे बघते आहे. मी एक शब्द बोलले असते तर तुम्ही इथल्या घराघरांत पोचला असता.

"धिस? ओल्ड क्लॉथ," मी म्हटलं. "फॉर स्वेट."

बाई खळखळून हसली. लेकही हसली, कसनुशी.

वाटलं होतं, घरी येऊन देवापुढे बसले की मन खाईल, जपात चूक होईल. तसं झालं तर तुमची क्षमा मागायची, म्हणून हा कागद पुढे ओढला होता. पण ज्यासाठी घेतला ते लिहायचं राहूनच गेलं, आणि आता लिहावंसंही वाटत नाही. तुमच्यापाशी कबूल करते, इतक्या वर्षांत माझा जप इतका एकचित्ताने कधी झाला नव्हता.