गंगेचा गडू आणि माझं नाक

सिडको, छत्रपती संभाजीनगर

ती. दाजी,

सर्जेरावचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण सध्या नाक जमिनीला टेकवता येत नाही.) आपला गुडघा आणि लीलाताईची शुगर आटोक्यात असेल, अशी आशा आहे. फोनच केला असता. पण तुमचा फोन ताई स्पीकरवर टाकते, आणि ही गोष्ट तिच्या कानावर गेली तर मला पैठणात पाय ठेवता यायचा नाही. म्हणून पत्र, तेही तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर.

झोपेत माझा श्वास अडकतो म्हणून डॉक्टरांनी मशीन दिलंय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. नाकावर मास्क, त्याला नळी, नळीतून हवेचा झोत. झोप झकास लागते हो, पण नाक आतून असं कोरडं पडतं की माझ्या शिंकांनी कॉलनी जागी होते. मी आपल्या अकलेनं नाकाला साजूक तूप चोपडलं. दुपारच्या डुलकीत मास्क घसरून गालावर गेला आणि शिट्टी वाजवू लागला. (आमच्या सूनबाई रूपाली गॅस बंद करायला धावल्या.)

डॉक्टर म्हणाले, मशीनला पाण्याची डबी असते, ती भरा, हवा ओलसर येईल. पण पाणी शुद्ध हवं, डिस्टिल्ड. औरंगपुऱ्यात बॅटरीच्या दुकानात मागितलं, तर दुकानदारानं विचारलं, गाडी कोणती? गिऱ्हाइकांसमोर 'नाकासाठी हवंय' म्हणायची लाज वाटली, तसाच परतलो. घरी देवघराकडं नजर गेली. शुद्ध पाणी म्हटल्यावर आपल्या माणसाला दुसरं काय आठवणार? तुम्ही आणि ताईनं काशीहून आणलेला, झाकण झाळून बंद केलेला तो तांब्याचा गडू. आईच्या शेवटच्या घटकेला तिच्या तोंडात गंगा घालायची म्हणून जपलेला. दाजी, मी तो पक्कडीनं फोडला, डबीत ओतला आणि निवांत झोपलो.

सकाळी नाक वांग्यासारखं सुजलेलं. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं? 'काशीचं' म्हणालो. त्यांनी ते तसंच केसपेपरवर लिहून घेतलं. मग डबी धुवायला सांगितली, नाकात घालायला मिठाच्या पाण्याचे थेंब दिले, मास्कही लहान मापाचा दिला. आता नाक बरं आहे, मी बरा नाही. गडूत मी नळाचं पाणी भरून ठेवलंय आणि आई रोज सकाळी त्याच्यापुढं हात जोडते. मला तिच्याकडं बघवत नाही. लाज वाटते हो, फार लाज वाटते.

मान खाली घालून,
तुमचा मेहुणा
सर्जेराव

ता. क. तुमच्याकडची मंडळी काशीला निघालीत असं ऐकलं. तसाच एक गडू आणायला सांगाल का? ताईला कळू देऊ नका.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आत आई येऊन बसली. म्हणाली, "जावईबापूला ल्हितोस व्हय? लीलाला म्या कवाच सांगितलंय फोनवर. तू गडू फोडलास तवा म्या जागीच व्हते." मी तिचे पायच धरले. विचारलं, मग रोज त्या नळाच्या पाण्यापुढं हात कशाला जोडत होतीस? तर म्हणाली, "तुझं नाक बरं व्हावं म्हणून. माझ्या तोंडात गंगा घालायला तू जित्ता नगं का?"