विरामाचे तीन सेकंद

छत्रपती कॉलनी, छावणीमागे
गुरुवार, १४ फेब्रुवारी १९७४

चि. मुकुंदभावजी यांस,

रविवार, दिनांक १० फेब्रुवारी रोजी संध्याकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी (घड्याळ माझ्या मनगटावर होतं आणि ते रोज आकाशवाणीशी जुळवलेलं असतं) तुम्ही डाव्या विंगेत आलात आणि रंगभूषा करणाऱ्या माणसादेखत माझ्या हातातली नाटकाची वही काढून मंडळातल्या बद्रीनाथला दिलीत. ही गोष्ट मी विसरलेली नाही, हे आधी सांगून टाकते. आता आशीर्वाद. तालमीत ओरडून बसलेला घसा सुटला का? ज्येष्ठमध चघळा आणि घरात तरी हळू बोला. माझे गुडघे आहेत तसेच आहेत.

तुमचे उपकार मी नाकारत नाही. तुमचे दादा गेल्यावर आठ महिने मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. तुम्ही येऊन म्हणालात, वहिनी, आमच्या मंडळाला प्रॉम्प्टर पाहिजे, तुमचे उच्चार स्वच्छ आहेत. आजवर सांत्वनाला आलेल्यांपैकी मला काम देणारे तुम्ही एकटेच. तुमच्यामुळे या वयात मला पुष्कळ कळलं. डावी बाजू म्हणजे नटाची डावी, प्रेक्षकांना काय वाटतं ते विचारायचं नाही. स्वगत म्हणजे शेवटच्या रांगेला ऐकू जातं पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाला जात नाही असं बोलणं (आपल्या घराण्यात नेमकं याच्या उलट चालतं). रंगीत तालीम म्हणजे सगळे कपडे घालून केलेल्या चुका. आणि विंगेत उभं राहून पडदा हलवून प्रेक्षागृहात कोण कोण आलंय ते पाहणं हा गुन्हा आहे, जो तुम्ही स्वतः दर प्रयोगाला करता.

राहिला तो विराम. तुम्ही वहीत लाल पेन्सिलीनं जागोजागी तो शब्द लिहिला होता हे मला मान्य आहे. पण माझीही बाजू ऐका. पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी मी टेलिफोन एक्स्चेंजात लागले आणि चोवीस वर्षं ट्रंक कॉल जोडले. तिथं लाईनवर तीन सेकंद शांतता झाली की ऑपरेटरनं मध्ये पडायचं, कारण शांतता म्हणजे बिघाड. त्यात सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टरनी आम्हाला प्रार्थनाघराच्या मागच्या भिंतीला आवाज लागला पाहिजे असं शिकवलेलं. अशा बाईला तुम्ही विंगेत उभं केलंत आणि वर म्हणता, कुजबुजा.

तर दुसरा अंक. बापाचं काम करणाऱ्या रामकिसनच्या हातात तार येते, रणांगणावर मुलगा गेल्याची. बायको विचारते, काय लिहिलंय? तो गप्प. मी मनात एक, दोन, तीन मोजलं आणि पुढचं वाक्य दिलं: ‘त्यात काही नाही. तू जेवून घे.’ तो तरी गप्पच. मी पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा सिस्टरनी शिकवलेल्या आवाजात दिलं. तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, ‘बोला की राव, बाई कवापासून सांगायल्यात.’ पाचशे माणसं हसली. रामकिसन (दिवसभर चिकलठाण्याच्या कारखान्यात उभं राहून आलेला भला माणूस) विंगेत आल्यावर एवढंच म्हणाला, ‘वहिनी, मला पाठ हाय वो. मी रडू थांबवायलो होतो.’ आणि मग सात बावीस.

वही गेल्यावर तुम्ही मला कपड्यांच्या ट्रंकेवर बसवलंत आणि म्हणालात, आता नुसतं बघा. मी रागानंच बघायला लागले. तिसऱ्या अंकात त्या बायकोला सगळं कळलेलं असतं. ती ताट वाढते, समोर बसते, आणि दोघंही बोलत नाहीत. माझ्या हातात वही नव्हती, म्हणून तोंडही बंद. मी मोजत गेले. नऊपर्यंत आले तेव्हा सभागृहात खोकलासुद्धा नव्हता. अकराला पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. लाईन तुटली नव्हती, भावजी. पलीकडे माणूस होता.

तुमचे दादा डॉक्टरकडून आले त्या दुपारी मी विचारलं, काय म्हणाले? ते खुर्चीत बसले, चपला काढल्या, आणि थांबले. मी तीनपर्यंत मोजलं असेन. मग मीच म्हणाले, गॅसच असेल. ते म्हणाले, हो, गॅसच. बिचाऱ्यांना मी वाक्य दिलं आणि त्यांनी ते घेतलं. चार महिन्यांनी ते गेले. ते काय सांगणार होते, हे आता कळायचं नाही. पण सांगणार होते, एवढं मला त्या ट्रंकेवर कळलं. घरी येऊन पुष्कळ रडले आणि बऱ्याच महिन्यांनी शांत झोपले. त्याबद्दल तुमचे आभार. वही काढून घेण्याच्या पद्धतीबद्दल नाही.

तुमची,
अनसूयावहिनी

ता. क. बद्रीनाथ इतकं हळू सांगतो की शेवटच्या प्रवेशात मंडळींना त्याच्या ओठांकडे बघण्यासाठी विंगेकडे तोंड करून अभिनय करावा लागला. मी काही म्हणत नाही.

ता. क. २. वही मला परत नको. आवडाबाई मुलीच्या बाळंतपणाला मुकुंदवाडीला चालल्या, म्हणजे ३ मार्चच्या जालन्याच्या प्रयोगात शेवटच्या प्रवेशातली शेजारीण उरत नाही. ती येते, दाराशी बसते, पडदा पडेपर्यंत एक शब्द बोलत नाही. ती मूक भूमिका मला द्यावी. चार दिवस आरशासमोर बसून तालीम केली आहे. काल साडेसहा मिनिटं गप्प होते. दूधवाला घाबरून शेजाऱ्यांना घेऊन आला.

ता. क. ३. उत्तर लेखी पाहिजे, गुरुवार दिनांक २१ रोजी संध्याकाळी पाचच्या आत. तोंडी सांगायला येऊ नका. दारात उभे राहून तुम्ही विचारात पडलात आणि तीन सेकंद गेले, तर तुमचं वाक्य मीच पूर्ण करीन, आणि ते होकाराचंच असेल.